मोदकापेक्षा घड्याळाकडे लक्ष ठेवा

भाद्रपद तोंडावर आला की ज्या घरात कुणाला मधुमेह, दमा, संधिवात किंवा हृदयविकार आहे, तिथे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘या वर्षी राहू दे, तब्येत सांभाळा, घरी बसून आरती ऐका.’ दुसरा म्हणतो, ‘वर्षातून दहा दिवस तर येतो बाप्पा, एवढ्याने काय होतंय?’ आजारी माणूस पहिल्याचे ऐकून हिरमुसतो, नाहीतर दुसऱ्याचे ऐकून अनंत चतुर्दशीच्या आधीच अंथरूण धरतो. दोन्ही सल्ले मायेपोटी दिलेले असतात आणि दोन्हींचा पाया कच्चा असतो. पहिल्या पक्षाने तापाचा नियम मधुमेहाला लावलेला असतो. तापात किंवा हाड मोडल्यावर बरे वाटेपर्यंत थांबायचे, हे शहाणपणाचे आहे. दीर्घकालीन आजारात मात्र ‘बरे झाल्यावर’ असा दिवस कॅलेंडरवर येतच नाही. या वर्षी टाळलेला सण पुढच्या वर्षीही टाळला जातो, आणि चार-पाच वर्षांनी त्या माणसाला कुणी विचारायचेही थांबते. दुसऱ्या पक्षाची चूक जास्त गुंतागुंतीची आहे, कारण तो अर्धा बरोबर आहे.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. म्हणजे मांडवासमोरच्या कोणत्याही रांगेत दर तीन-चार माणसांमागे एकाला कसला ना कसला दीर्घकालीन आजार असण्याची शक्यता आहे. या सगळ्यांनी घरी बसायचे ठरवले, तर मंडळांना आरतीला माणसे मिळणार नाहीत. घरी बसण्यालाही किंमत असतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मध्ये एकटेपणावर जो अहवाल दिला, त्यात एकटेपणाचा संबंध जगभरातल्या वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी जोडला आहे. तेव्हा गर्दीपासून वाचवण्यासाठी माणसाला माणसांपासूनच तोडणे हा काही निर्धोक पर्याय नाही.

मग ‘एवढ्याने काय होतंय’ हे किती खरे? याचे उत्तर शोधायचे तर आजाराचे दोन हिशेब वेगळे करावे लागतात. एक हिशेब सरासरीचा. मधुमेहाची तीन महिन्यांची चाचणी म्हणजे एचबीए१सी. ती साधारण आठ ते बारा आठवड्यांतल्या साखरेचा एकत्रित अंदाज देते. चतुर्थीला खाल्लेल्या दोन मोदकांनी तो आकडा हलत नाही. कोलेस्टेरॉलचे आणि वजनाचेही तसेच. दुसरा हिशेब प्रसंगाचा. रक्तातली साखर एकदम उतरणे, दम्याचा झटका, फुप्फुसांत पाणी साचणे, फिट येणे हे सारे काही तासांत घडते, आणि त्याचे कारण पुष्कळदा चुकलेला डोस, लांबलेले जेवण किंवा न झालेली झोप हे असते. घरोघरी नेमकी उलटी राखण केली जाते. आजोबांच्या ताटातल्या मोदकावर पाच जणांची नजर असते, आणि त्यांचे इन्सुलिन दोन तास लांबले याकडे एकाचीही नसते. सणात सरासरीला थोडी सूट द्यावी, प्रसंगाला मात्र अजिबात देऊ नये, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. औषध, जेवण आणि झोप यांच्या वेळा जागच्या जागी राहिल्या, तर बाकीच्या पुष्कळ गोष्टी सैल सोडता येतात.

चतुर्थीची सकाळच घ्या. प्रतिष्ठापना मध्यान्ही करायची, पूजेला बसणाऱ्याने तोवर काही खायचे नाही, आणि गुरुजी त्या दिवशी दहा घरे करत असल्यामुळे अकराचे दीड वाजतात. पूजेला बसलेल्या गृहस्थांनी मात्र सवयीप्रमाणे आठला ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडची गोळी घेतलेली असते. या गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन स्रवायला लावतात. बाराच्या सुमारास हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, मंत्र म्हणताना जीभ अडखळते, आणि उपाशी बसल्यामुळे, उकाड्यामुळे असे होत असेल म्हणून घरचे पंखा वाढवतात. ही साखर उतरल्याची लक्षणे असतात. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, आणि सावरल्यावर काहीतरी खायला द्यायचे. माणूस बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठायचा. अशा वेळी समोरच्या तबकातला पेढा हाताशी असतो, पण तो कामाचा नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. खरा इलाज आदल्या दिवशीचाच आहे. पूजेला मुलाने किंवा सुनेने बसावे. स्वतःच बसायचे असेल तर त्या सकाळच्या गोळीचे काय करायचे हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे आणि खाऊन बसावे. नैवेद्याआधी कसे खायचे असे मनाला लागत असेल, तर सकाळीच देवापुढे दूध आणि फळ ठेवावे आणि तेच प्रसाद म्हणून घ्यावे.

यावर आदल्या दिवसापासूनच आक्षेप सुरू होतो, कारण तृतीयेला हरतालिका असते आणि अनेक घरांत ती निर्जळी केली जाते. ‘व्रत मोडायचे का?’ हा प्रश्न आरोग्याच्या नावाखाली उडवून लावण्यात अर्थ नाही, तो विचारणारीसाठी खरा असतो. पण त्याचे उत्तर खुद्द धर्मशास्त्रात आहे. ज्यांनी व्रतभंग होत नाही अशा आठ गोष्टींची परंपरागत यादी व्रतांच्या ग्रंथांत सांगितली जाते, आणि तिच्यात पाणी, दूध, फळे, कंदमुळे आणि औषध ही सारी येतात. त्यामुळे गोळी पाण्यासह घेतली म्हणून व्रत मोडले असे म्हणणारा माणूस शास्त्रापेक्षा कडक नियम स्वतःच करत असतो. वैद्यकाच्या बाजूने पाहिले तर काहींसाठी निर्जळी हा प्रश्नच उद्भवू नये. टाइप वन मधुमेह असलेल्यांनी उपास असला तरी दिवसभर पुरणारे मूळ इन्सुलिन बंद करायचे नसते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या चालू असताना निर्जळी केली तर शरीर कोरडे पडते आणि रक्तात कीटोन वाढून आम्लता होण्याचा धोका असतो, तोही कधी कधी साखर फारशी वाढलेली नसताना. मूत्रपिंडाचा आजार, रक्तदाबासाठी लघवीची गोळी, लिथियमवर असलेला मनोविकाराचा रुग्ण यांनाही पाणी तोडणे परवडत नाही. उपासाच्या फराळाचीही एक गंमत आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि वर राजगिऱ्याची चिक्की हा बेत मधुमेह्याची साखर रोजच्या भाजी-भाकरीपेक्षा जास्त वर नेतो. उपासच करायचा तर वरीचा भात थोडका, दाण्याची आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर असा बरा.

आता मोदकाबद्दल. मध्यम आकाराच्या एका उकडीच्या मोदकात तांदळाची पिठी आणि गूळ मिळून कर्बोदके साधारण एका पोळीइतकी किंवा थोडी जास्त भरतात. दोन मोदक खायचे तर ताटातला भात आणि एक पोळी कमी करायची, इतका तो साधा व्यवहार आहे. जेवणावर मोदक घेण्यापेक्षा जेवणात मोदक घ्यावा, आधी कोशिंबीर आणि वरण, मग मोदक. गुळाने मधुमेह वाढत नाही हा समज मात्र सोडून द्यावा. रक्तातल्या साखरेला गूळ आणि साखर यांत फार फरक कळत नाही. ‘शुगर फ्री’ पेढ्यांच्या डब्यावरही भिस्त ठेवू नये, त्यात खवा आणि तूप असतेच, आणि ते बिनधोक समजून माणूस चार खातो. खरी पंचाईत चतुर्थीच्या ताटाने होत नाही. ती पुढच्या नऊ दिवसांत घरोघरी दर्शनाला गेल्यावर मिळणाऱ्या प्रत्येक वाटीने होते. तिथे ‘नको’ म्हणण्यापेक्षा प्रसाद तळहातावर घ्यावा, चिमूटभर तोंडात टाकावा, उरलेला रुमालात बांधून घरी न्यावा. यजमानाचा मान राहतो. आग्रह करणाऱ्यांना सांगावेसे वाटते की डायबेटिस आहे म्हणणाऱ्या पाहुण्याला ‘एकाने काय होतंय’ असे ऐकवणारे तुम्ही त्या दिवशीचे सातवे यजमान असता.

इथे एक मोठा अपवाद नोंदवायलाच हवा, नाहीतर वर मांडलेला मुद्दा घातक ठरेल. काही आजारांत अन्न हे सरासरीचे राहत नाही, तेच प्रसंग होऊन बसते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या, डायलिसिसवरच्या माणसाला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तातले वाढलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते. गणपतीच्या प्रसादात तर पोटॅशियमची रेलचेल असते. नारळाचे पाणी, केळी, खारीक-खोबरे-बेदाणे घातलेली खिरापत. नारळाच्या पाण्याच्या एका पेल्यातच जवळपास अर्धा ग्रॅम पोटॅशियम असते. या रुग्णांनी प्रसाद म्हणून खडीसाखरेचे दोन खडे घ्यावेत, मधुमेह सोबत नसेल तर तेच सर्वांत निर्धोक. पंचामृतही पळीभरच, कारण त्यांना पाण्याचाही हिशेब ठेवायचा असतो. हृदय कमजोर झालेल्यांचा शत्रू गोडापेक्षा खारट. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि पापड, लोणचे, फरसाण, मंडळाच्या महाप्रसादातली मसालेदार भाजी हे सगळे एका ताटात आले की ती मर्यादा तिथेच संपते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन किंवा असिट्रोम घेणाऱ्यांनी ऋषिपंचमीच्या भाजीतल्या आणि गौरीच्या नैवेद्यातल्या पालेभाज्यांचे प्रमाण रोजच्या सवयीइतकेच ठेवावे. एरवी न खाणाऱ्याने त्या दिवशी ताटभर माठ-पालक खाल्ला तर औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो.

गौरींचा विषय निघाला की बोलणे बायकांकडे वळते, आणि वळायलाच हवे. पुरुषांच्या आजारपणात घर त्यांच्याभोवती फिरते. आजारी बाई मात्र सणात स्वतःच घराभोवती फिरत असते. आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दोन-तीन पटींनी जास्त आढळतो, आणि त्यात सकाळी बोटे आखडलेली असतात. गौरी जेवतात त्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, वडे, आंबिल हे सारे मात्र सकाळीच करायचे असते. मग सांधे सुजू नयेत म्हणून औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणली जाते आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ घेतली जाते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत आणि लघवीच्या गोळीसोबत घेतल्या तर मूत्रपिंडावर एकदम ताण येतो, त्यात उपास आणि कमी पाणी असले तर जास्तच. इथे औषधापेक्षा कामाची वाटणी उपयोगी पडते. पुरण आदल्या दिवशी शिजवून वाटून शीतकपाटात ठेवावे. भाज्या निवडण्याचे आणि चिरण्याचे काम बसून करावे, ते पुरुषांनाही येते. ओट्याजवळ उंच स्टूल असावे. सोळा भाज्या एकत्र शिजवून एकच मिश्र भाजी करण्याची रीत अनेक घरांत आहेच. ‘मी नाही केले तर कोण करणार?’ या प्रश्नाचे उत्तर बाईने द्यायचे नसून तो प्रश्न ऐकणाऱ्या घराने द्यायचे आहे. आणि सासूबाईंच्या काळी कुणाची तक्रार नव्हती असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तेव्हा दुखणे होते, फक्त त्याला नाव आणि गोळी नव्हती.

घराबाहेर पडायचे तर कोणत्या दिवशी आणि किती वाजता, यावर निम्मी लढाई ठरते. पुण्यात गौरी-विसर्जनानंतर देखावे पाहायला जी गर्दी लोटते ती शेवटपर्यंत ओसरत नाही. शनिवार-रविवारची संध्याकाळ तर धडधाकटांचीही परीक्षा पाहते. त्यामुळे पहिल्या तीन-चार दिवसांतली एखादी कामाच्या वारची सकाळ किंवा दुपार निवडावी. मानाचे पाचही गणपती एकाच फेरीत करण्याचा हट्ट धरू नये. कसबा आणि तांबडी जोगेश्वरी एका दिवशी, तुळशीबाग आणि गुरुजी तालीम दुसऱ्या दिवशी, केसरीवाडा जमेल तेव्हा. मुंबईत लालबागला नवसाच्या रांगेत कित्येक तास जातात, आणि मुखदर्शनाची रांग तुलनेने लवकर सरकते. लघवीची गोळी, इन्सुलिन, डायलिसिस यांपैकी काहीही ज्याच्या दिवसात आहे त्याने पहिल्या रांगेचा विचार करू नये. स्वच्छतागृह सापडणार नाही म्हणून लघवीची गोळी परस्पर टाळण्याची पद्धत फार दिसते, आणि हृदयरुग्णाच्या बाबतीत तिची परिणती रात्री श्वास कोंडण्यात होऊ शकते. ती गोळी टाळायची नाही, तिची वेळ त्या दिवसापुरती बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारायचे.

मधुमेह्याच्या पायांविषयी कुणी बोलत नाही, म्हणून इथे थोडे थांबतो. दर्शनासाठी चपला दूर काढाव्या लागतात. पावसाने ओला, चिखलाचा रस्ता, त्यावर नारळाच्या करवंटीचे तुकडे, मांडवाचे खिळे, दुपारी तापलेला पत्रा. ज्याच्या तळपायाची जाणीव बोथट झाली आहे त्याला काच घुसलेली कळतही नाही, आणि ती जखम दहा दिवसांनी वास आल्यावर लक्षात येते. जाड सुती मोजे घालून मांडवात जायला देवाची हरकत नसावी, कार्यकर्त्यांचीही नसते. चपला पिशवीत घालून बरोबर ठेवाव्यात, घरी आल्यावर पाय धुऊन, कोरडे करून, उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला दिसत नसेल तर आरसा घ्यावा किंवा नातवाला सांगावे. पायाला भेग किंवा जखम असताना विसर्जनासाठी नदीच्या, तलावाच्या किंवा साचलेल्या पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. मूर्ती पाण्यात दुसऱ्याच्या हातून गेली तरी ती आपलीच असते.

आवाजाचे गणित साधे आहे आणि कुणी करत नाही. व्यावसायिक सुरक्षेच्या मानकांनुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास काढता येतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. ढोलताशाचे पथक किंवा ध्वनिवर्धकांची भिंत समोरून जाताना आवाज याच्याही वर जातो. कानात घालायचे फोमचे बोळे औषधाच्या दुकानात स्वस्तात मिळतात आणि नीट बसवले तर वीसेक डेसिबल तरी कमी करतात. हृदयविकार, अर्धशिशी, कानात सतत आवाज येण्याचा त्रास असणाऱ्यांनी ते घालावेत आणि शिवाय पथकापासून लांब, मोकळ्या कडेला उभे राहावे. मधुमेहामुळे डोळ्यांचा पडदा आधीच नाजूक झालेल्यांनी लेसरच्या झोतांकडे पाहूच नये. निरोगी डोळ्यांनाही या झोतांनी इजा झाल्याच्या घटनांनंतर काही शहरांत पोलिसांनी त्यांवर बंदीचे आदेश काढले आहेत. दमेकऱ्यांचे शत्रू गुलाल, धूप आणि फटाके. रोजचा इनहेलर सणाच्या दिवसांत न चुकता चालू ठेवणे हे झटका आल्यावर धावपळ करण्यापेक्षा मोलाचे, आणि तातडीचा इनहेलर खिशातच हवा, मोटारीत नव्हे. घरच्या घरी प्लॅस्टरच्या मूर्तीचे विसर्जन करण्यासाठी पुण्यात महापालिका अमोनियम बायकार्बोनेट देत आली आहे. त्या बादलीतून अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून दमेकऱ्याच्या घरी ती गच्चीत ठेवावी, किंवा सरळ शाडूची मूर्ती आणावी, ती साध्या पाण्यात विरघळते.

अनंत चतुर्दशीचा दिवस मात्र आठवडाभर आधी आखावा लागतो. पुण्याची मुख्य मिरवणूक सकाळी मंडईतून निघते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत, चोवीस तासांहून जास्त चालते. लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता आणि कुमठेकर रस्ता वाहनांना बंद असतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्याची पाळी त्या दिवशी येत असेल, तर केंद्राशी बोलून ती आदल्या दिवशी घ्यावी. ‘बघू, पोहोचू कसेतरी’ हे उत्तर इथे चालत नाही. मिरवणूक पाहायची तर सकाळी मानाचे गणपती पाहावेत, ओळखीच्या कुणाच्या तरी पहिल्या मजल्यावरच्या खिडकीतून किंवा रस्त्याच्या कडेला खुर्चीवर बसून, आणि उतरत्या दुपारी घर गाठावे. रात्रभर जागण्याचा मोह अपस्माराच्या रुग्णाने पूर्ण टाळावा. न झालेली झोप आणि चुकलेली गोळी ही फिट येण्याची दोन मोठी कारणे आहेत आणि त्या रात्री दोन्ही एकत्र येतात. मिरवणूक घराखालूनच जात असेल आणि झोप शक्यच नसेल, तर ती एक रात्र बहिणीकडे किंवा मित्राकडे उपनगरात काढणे यात पळपुटेपणा काही नाही.

कोकणात गावी जाणाऱ्यांचे थोडक्यात सांगतो. इन्सुलिन आणि सगळ्या गोळ्या हातातल्या पिशवीत, गाडीच्या डिकीत किंवा टपावर नाही. वापरात असलेले इन्सुलिन ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते, तेव्हा गावात फ्रिज नसला तरी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, पाणी आत जाणार नाही अशा डब्यात ते राहू शकते. परतीची गाडी चुकेल किंवा दरड कोसळेल हे धरून औषधे आठवडाभर जास्तीची न्यावीत. जवळचा दवाखाना कुठे आणि तिथे रात्री कोण असते, हे वाडीतल्या कुणाला तरी आधीच विचारून ठेवावे. गोव्यात चवथीला जाणाऱ्यांनाही हेच, फक्त तिथे नेवऱ्यांचा आग्रह मोदकांपेक्षा जास्त.

इतके आखून-मापून सण करायचा तर त्यात सण उरला कुठे, असे कुणी विचारेल. हा आक्षेप वजनदार वाटतो, पण गणेशोत्सवाकडे नीट पाहिले तर तो टिकत नाही. हा उत्सव मुळातच वेळेच्या शिस्तीत बांधलेला आहे. प्रतिष्ठापनेचा काळ ठरलेला, गौरी अनुराधावर येतात, ज्येष्ठावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात, दोन्ही वेळच्या आरत्या ठरलेल्या. आणि या शिस्तीच्या आत लवचीकपणाही भरपूर आहे. कुणाचा दीड दिवसाचा, कुणाचा पाच, कुणाचा गौरींबरोबर, कुणाचा दहा दिवसांचा, आणि दीड दिवसवाल्याची भक्ती कमी असे कुणी म्हणत नाही. घरात आजारी माणूस असेल तर दहाचे पाच करायला घरातल्या वडीलधाऱ्यांची संमती लागेल, शास्त्राची अडचण येऊ नये. एरवी रोज रात्री जागून तीन मंडळांच्या कार्यक्रमांना हजेरी लावणाऱ्याने एक कार्यक्रम निवडून तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून ऐकला, तर त्याच्या वाट्याला जास्तच येते. बहुतेक मोठी मंडळे आरती थेट दाखवतात, तिला दुय्यम मानायचे कारण नाही. पण तिच्यावरच समाधान माना असे घरच्यांनी ठरवू नये, ते त्या माणसाला ठरवू द्यावे.

दुसरा आक्षेप मला अधिक पटतो. सगळा भार रुग्णावरच का? त्याने मोजे घालायचे, त्याने बोळे घालायचे, त्याने लवकर यायचे, आणि मंडळाने काही करायचे नाही? १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांनी ज्या सार्वजनिक उत्सवाला जोर दिला त्याचा हेतू लोकांना एकत्र आणण्याचा होता, आणि एकत्र येण्यात पायऱ्या न चढू शकणारेही धरलेले असावेत. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालतात, रात्री दहा ते सहा ध्वनिवर्धक बंद ठेवायला सांगतात. वर्षातले काही ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, पण ती वेळेची, आवाजाची नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे आजारही आहेत. पण कायद्याचा धाक दाखवण्याआधी सांगून पाहावे. रांगेत दर वीस पावलांवर दोन खुर्च्या, मांडवाला एक उतार, पाण्याचे पिंप, जवळच्या शाळेचे स्वच्छतागृह उघडे, आठवड्यातली एक सकाळ वयस्कर आणि आजारी लोकांसाठी राखीव, चावावा न लागणाऱ्या मऊ प्रसादाची एक वाटी, आणि रुग्णवाहिकेला वाट करून देणारा एक कार्यकर्ता. यातल्या कशालाही मोठी वर्गणी लागत नाही. वर्गणी मागायला मुले दारात येतात तेव्हाच हे बोलावे, कारण तेव्हा ती ऐकण्याच्या मनःस्थितीत असतात.

या सगळ्याची तयारी चतुर्थीच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांच्या एका भेटीत होते. उपासाच्या आणि उशिरा जेवणाच्या दिवशी कोणती गोळी कशी, लघवीची गोळी कधी, दुखले तर कोणते औषध निर्धोक, आणि फ्लूची लस घ्यायची का, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. लशीचा परिणाम दिसायला दोनेक आठवडे लागतात, म्हणून ती अखेरच्या क्षणी घेऊन उपयोग नाही. प्रत्यारोपण झालेल्यांनी, मेथोट्रेक्सेटसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी गर्दीत मास्क लावावा. सोबत असणाऱ्या एका माणसाला आजाराचे नाव, औषधांची यादी आणि डॉक्टरांचा फोन माहीत असावा. विसर्जन झाल्यावर चार दिवस रोज सकाळी वजन पाहावे. हृदयरुग्णाचे वजन तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले, पावले सुजली, झोपताना उशा वाढवाव्या लागल्या, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखान्यात जावे. मधुमेह्याने साखर तपासावी आणि पाय पुन्हा एकदा नीट पाहावेत. चतुर्थीआधीच्या त्या भेटीतच पुढचेही विचारून घेतलेले बरे, कारण विसर्जनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पितृपंधरवड्यातली खीर आणि वडे सुरू होतात आणि त्यामागोमाग नवरात्राचे नऊ उपास येतात.